लाल रंगातला किलो

“वैनीले मिठाजवळ बसवू नका. तिचा हात खारट हाय.”

मोठेबाबांच्या तेरवीला, मेहकरच्या घरी, स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून बापूकाका आचाऱ्याला सांगत होते. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, बापूकाका मधले. वैनी म्हणजे मोठ्याई, मोठेबाबांची बायको. ती मिठाच्या बरणीजवळून उठली आणि कोथिंबीर निवडायला बसली...

गेलेल्या माणसाचे गुण आठवायची रीत आहे. बैठकीत आलेल्यांनी ते आठवलेही. शिस्त, टापटीप, नव्याची आवड. त्या नव्याच्या आवडीविषयीच मला लिहायचं आहे.

किलो आले तेव्हा मी नागपूरला इंग्रजी शाळेत होते आणि सुट्टीत मेहकरला यायचे. मोठेबाबा तहसिलीत कारकून. सरकारनं शेर बंद केला, तो जणू यांच्याच सहीनं. घरात पितळेचं शेराचं माप होतं. त्यात तुरीची डाळ शिगोशीग भरून ते वाण्याकडे गेले, नव्या वजनांनी तोलून घेतली. डाळ किलोच्या आसपास भरली. झालं. घरी येऊन त्यांनी मापावर लाल रंगानं ‘१ किलो’ लिहिलं. तेव्हापासून त्या मापात जे मावेल ते किलो. डाळ किलो, बेसन किलो, मीठही किलोच. मी एकदा भीतभीत म्हटलं, मोठेबाबा, पीठ डाळीपेक्षा हलकं असतं ना... “काऊन वं, किलो का तुह्या शाळेतून आला? किलो म्हंजे किलो.” ओसरीवरचे सगळे हसले. इतका ठाम माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि इतका उथळही.

नलूताईचं, त्यांच्या एकुलत्या मुलीचं, लग्न ठरलं. पाहुणे दुसरबीडचे. कढीचं प्रमाण मोठेबाबा कुणाकडून तरी किलोत विचारून आले. “कढी तरी माह्या अंदाजानं होऊ द्या,” मोठ्याई म्हणाली. “अंदाज बंद झाला आता,” ते म्हणाले आणि माप स्वतःच्या हातात घेतलं. बेसन हलकं, म्हणून मापभर घेऊनही कमी पडलं. मीठ जड, म्हणून जास्त गेलं. आमच्याकडे नैवेद्य दाखवण्याआधी चव घेत नाहीत, त्यामुळे कुणाला काही कळलं नाही. पहिल्या पंगतीत नवरदेवाचे मामा द्रोण बाजूला सारून उठले, त्यांच्यामागे पंगतच उठली. मोठेबाबांनी भर मांडवात हात जोडले. “काय करता, घरच्या बाईचा हात खारट हाय.” मोठ्याई पडद्यामागे उभी होती.

ज्या बाईच्या हातची कढी लोक घरून भांडं आणून मागून नेत, तिला पुन्हा कुणाच्या कार्यात चुलीशी बोलावलं नाही. सासरी नलूताई ‘खारट घरची’ झाली. मोठेबाबांनी आपला शब्द कधी मागे घेतला नाही. उलट पाहुण्यांसमोर वरणाचा घास घेऊन म्हणत, “आज हात आवरला वाटते.” पाहुणे हसत. तीही हसल्यासारखं करी. लोक याला त्यांचा विनोदी स्वभाव म्हणतात. त्यांच्या फोटोला हार घालताना मला रडू आलं नाही. फोटोतही ते कुणाला तरी समजावून सांगत असल्यासारखे दिसतात.

तेरवीलाही कढी होती, आणि तीही नैवेद्याआधी कुणी चाखणार नव्हतं. माप फळीवर होतं, लाल रंग अजून शाबूत. “भाऊचं माप हाय, त्यानंच घ्या मीठ,” बापूकाका म्हणाले. आचाऱ्यानं हात वर केला. त्याच्याआधी मी ते फळीवरून काढून घेतलं. घरात चारचौघांत मी बोलत नाही, म्हणून सगळ्या बायका वळून पाहू लागल्या. मोठ्याईचे कोथिंबिरीवरचे हात थांबले.

“हात खारट नव्हता, बापूकाका. माप खोटं होतं, आणि ते मोठेबाबांच्या हातात होतं. मोठ्याई, ऊठ. मीठ तू घाल.”