टँकरवाल्याच्या शेजारी आमचे सर

आमच्या शाळेतल्या अर्थशास्त्राच्या सरांनी उभ्या हयातीत एकाही पुढाऱ्याचं भाषण ऐकलं नाही, आणि चाकुरातली एकही सभा चुकवली नाही. सभा सहाची असली की सर पाचलाच जाऊन व्यासपीठाच्या पायऱ्यांपाशी बसत. कोण कुणाच्या मागून चढतो, कोण कुणाच्या कानाला लागतो, पुढारी पाण्याचा ग्लास कुणाच्या हातून घेतो, एवढं बघून झालं आणि वक्त्यानं घसा खाकरला की सर पँट झटकून उठायचे. "बाकीचं तुम्ही ऐका," मला म्हणायचे. "तुम्ही मराठीचे. शब्द तुमच्याकडं, माणसं माझ्याकडं." दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी आश्वासनं सांगायची आणि त्यांनी एखाद्या उत्तरपत्रिकेच्या कोऱ्या पानावर त्या आश्वासनांसमोर पुढाऱ्याच्या आजूबाजूची माणसं लिहायची. "हा म्हणतो, तुरीला भाव देतो. बरं. पण भावाचा सल्ला विचारणार कुणाला? शेजारी बसलेल्या अडत्याला. अडत्या काय सांगंल?" असं म्हणून ते पेनाचं टोपण लावायचे. त्या टोपणाच्या आवाजात त्या पुढाऱ्याची राजकीय कारकीर्द संपलेली असायची. तो निवडून यायचा, ही गोष्ट वेगळी.

मी नांदेडहून नवा नवा नोकरीला आलो होतो आणि सरांच्या शेजारची खोली भाड्यानं घेतली होती. मधली भिंत एवढी पातळ, की सरांची तत्त्वं मला घरबसल्या मिळत. माणूस काय बोलतो ते सोडा, तो कुणाचं ऐकतो ते बघा, हे त्यांचं तत्त्व फक्त निवडणुकीपुरतं नव्हतं. डॉक्टरकडं गेले तर ते आधी कंपाउंडरची तपासणी करत. खानावळीत शिरले तर आचारी स्वतः कुठं जेवतो याची चौकशी करत. मुख्याध्यापकांनी एकदा वक्तशीरपणा समिती जाहीर केली, तेव्हा सर हात वर करून अत्यंत नम्रपणे म्हणाले, "समितीच्या अध्यक्षांचं अभिनंदन करायचं होतं, पण ते अजून यायचेत." पुतणीच्या लग्नाच्या बैठकीत तर कहर झाला. मुलाकडचे म्हणाले, आम्हाला हुंडा नको, बुद्धविहारात साधं लग्न करू. सगळे खूश. सर एकटे कपाळाला आठ्या घालून बसलेले. शेवटी न राहवून म्हणाले, "हुंडा नको, तर मग सोबत सोनार कशाला आणलाय?" तो सोनार नवऱ्या मुलाचा बालमित्र निघाला. लग्न झालं, त्याच सोनारानं पंगतीत आग्रहानं वाढलं, आणि सरांच्या पानात त्यानं मुद्दाम तीन जिलब्या जास्त टाकल्या. सरांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, वर्षभर पाहुण्यांना हा किस्सा सांगत होत्या. सर म्हणायचे, "अपवाद आहे. अपवादानं नियम मोडत नसतो."

त्या वर्षी आमचा जिल्हा नवा होता आणि दुष्काळ जुना. लोक अजून पाकिटावर सवयीनं 'जिल्हा उस्मानाबाद' लिहायचे आणि पोस्टमन ते खोडून 'लातूर' करायचा. चाकूर तेव्हा तालुकाही झालं नव्हतं. नव्या जिल्ह्यानं कचेऱ्या आल्या, पाट्या आल्या, साहेब आले. पाणी तेवढं आलं नाही. विहिरींचे तळ दिसत होते. टँकरचा भोंगा ऐकू आला की मी खडू टाकून आणि सर मागणी-पुरवठ्याचा आलेख अर्धवट सोडून घागरीकडं धावायचो. "चला," पोरांना सर सांगायचे, "प्रात्यक्षिक बाहेर आहे."

अशात निवडणूक लागली आणि नाना उभे राहिले. नाना म्हणजे गोड माणूस. बोलायला लागले की वाळलेल्या बाभळीला पालवी फुटावी. त्यांचं एकच मोठं वचन होतं: "दोन वर्षांत या भागात टँकर दिसला, तर नाना म्हणू नका मला." त्यांचं पत्रक निघालं. त्यात मागच्या बाजूला 'आर्थिक सल्लागार मंडळ' अशा मथळ्याखाली नावं होती. सरांनी पुढची बाजू वाचलीच नाही. मागची वाचली आणि त्यांचा चेहरा खजिना सापडल्यासारखा झाला. पहिलं नाव होतं भागातले निम्मे टँकर ज्याचे होते त्या मालकाचं. दुसरं एका ठेकेदाराचं. त्यानं आमच्या शिवारात पाझर तलाव बांधला होता; त्यात पाझर होता, तलाव नव्हता.

बाजाराच्या दिवशी सभा होती. त्या दिवशी सर भाषण सुरू झाल्यावरही उठले नाहीत. नाना टँकरच्या वाक्यावर आले आणि सर उभे राहिले.

"नाना, एक सवाल आहे."

"विचारा की सर."

"टँकर बंद करायचे म्हणता. मग ते कसे बंद करायचे हा सल्ला टँकरवाल्यालाच विचारणार काय?"

बाजार हसला. टँकरचा मालक व्यासपीठावर बसून स्वतःच्या चपलेकडं बघू लागला. आता नाना चिडणार, माणसं अंगावर येणार, म्हणून मी सरांच्या बाहीला धरलं. पण नानाही हसले. माईक हातात घेऊन खाली आले आणि सरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बराबर बोललाव. गलत माणसं असतील बाजूला, तर बराबर माणूस पायजे. सर, तुमीच या की मंडळावर! काय मंडळी, घ्यायचं का सरांना?"

"हाव!" सगळा बाजार ओरडला.

आयुष्यभर ज्यानं 'शेजारी कोण बसलंय' हे विचारलं, त्याला 'मग तुम्ही बसा' म्हटल्यावर नाही कसं म्हणता येईल? सर नाही म्हणाले नाहीत. मुख्याध्यापकांनी रजा तर इतक्या तत्परतेनं दिली, की अर्जाची शाई वाळायची होती. वहिनी तेवढ्या म्हणाल्या, "आता लोक तुमच्याकडं बघून काय समजायचं?"

"हेच, की माणूस खरा आहे," सर म्हणाले.

मग तीन आठवडे सर जीपमध्ये. नाना आणि टँकरचा मालक यांच्या मधे, गुडघे जुळवून, मांडीवर कागदांची पिशवी. कुठल्या गावात कुठली विहीर खोल करावी, कुठं बंधारा घालावा, टँकर कोणत्या क्रमानं बंद करावेत, याचं टिपण त्यांनी चार पानांत लिहिलं होतं. नाना ते वैद्याच्या चिठ्ठीसारखं आदरानं खिशात ठेवायचे आणि गावोगाव सांगायचे, "बघा, अर्थशास्त्राचे प्राध्यापक आपल्यासोबत हायत." सर प्राध्यापक नव्हते. पहिल्या दोन गावांत त्यांनी कानाशी लागून तसं सांगितलंही, तिसऱ्यापासून सोडून दिलं. एका रविवारी मीही सभेला गेलो होतो. नाना बोलत होते आणि सर टाळ्या वाजवत होते. परत येताना मी विचारलं, "सर, आज भाषण ऐकलंत?" तर म्हणाले, "चांगलं बोलतो हो माणूस." मला उगीच वाईट वाटलं.

नाना निवडून आले. महिन्यानं मंडळाची पहिली बैठक लातूरला ठरली. सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला, चार पानं पुन्हा सुवाच्य अक्षरात लिहिली आणि सकाळची एस.टी. धरली. संध्याकाळी परत आले ते थेट माझ्या खोलीत. पिशवी खाटेवर टाकली. मग सांगितलं. बैठक सुरू व्हायच्या आधीच ठराव लिहून तयार होता. नाना म्हणाले, "सर, तुमचा आवाज चांगला हाय. तेवढं वाचून दाखवा." सर वाचायला उभे राहिले. टंचाई लक्षात घेता टँकरच्या खेपा दुप्पट कराव्यात, अशी मंडळाची शिफारस होती. सरांनी पहिलं वाक्य वाचलं, कागद टेबलावर ठेवला, आणि "माझं नाव खोडा" एवढं म्हणून बाहेर पडले.

"झालं की मग," मी म्हणालो. "सुटलात."

"मी सुटलो," सर म्हणाले. "पण ज्या गावांत मी जीपमधून गेलो, त्यांचं काय? त्यांनी माझ्याकडं बघून मत दिलं."

पुढच्या रविवारपासून सरांनी सायकल काढली. ज्या ज्या गावात जीपमधून गेले होते, त्या त्या गावात ते माफी मागायला निघाले. चावडीपुढं उभं राहून सांगायचे, "मी चुकलो. मला माफ करा." काही ठिकाणी लोक हसले, एका ठिकाणी त्यांना पुढच्या निवडणुकीचे उमेदवार समजून हार घातला. तिसऱ्या रविवारी मीही सोबत गेलो. शिरूर अनंतपाळच्या रस्त्यावर रोजगार हमीचं काम चालू होतं. बाया खडी फोडत होत्या. सर सायकलवरून उतरले, टोपी काढली आणि त्यांच्यापुढं आपला गुन्हा कबूल केला.

डोक्याला फडकं बांधलेल्या एका पोक्त बाईनं हातोडी खाली ठेवली. "आवं सर, तुमच्याकडं बघून कुणी मत दिलंय? तुमी कोन, ते आमाला ठावं बी नव्हतं."

सरांनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली.

"पाणी आणतो म्हणणारे लई बघितले. पर ह्या नानाच्या बाजूला टँकरवाला बसला होता. म्हनलं, दुसरं काई न्हाई तर टँकर तरी येईल. आला बी." तिनं मडक्यातून तांब्या भरून पुढं केला. "उन्हाचं आलाव. प्या."

सरांनी दोन घोट घेतले आणि उरलेलं पाणी सांभाळून परत मडक्यात ओतायला लागले, तर ती म्हणाली, "सगळं प्या हो. तुमची काय चूक न्हाई. माफी मागाया कोन आलं, हेच नवल."

परतताना सर कितीतरी वेळ हसत होते. "मला जे वर्षानुवर्षं शिकवायचं होतं, ते त्यांना आधीच येत होतं हो," म्हणाले. मग सायकलवरून उतरले. "पण टँकर तरी येईल, एवढीच आशा. एवढीच."

माफीचा दौरा तिथंच थांबला, पण रविवारची सायकल थांबली नाही. त्या बायांना हजेरीपटावर आपलं नाव कुठं असतं ते वाचता येत नव्हतं. सर सडकेच्या कडेला पाटी टेकवून त्यांना त्यांची नावं शिकवू लागले. चार महिन्यांत त्या पोक्त बाईनं मुकादमाला हजेरीपटावर स्वतःचे दोन गाळलेले दिवस बोट ठेवून दाखवले. त्या दिवशी सर मला सांगायला आले, ते सायकल दारात आडवी टाकूनच.

वर्षअखेरीला संस्थेनं त्यांची बदली धर्माबादच्या शाळेत केली. कुणी करवली, हे सगळ्यांना माहीत होतं. स्टँडवर शाळेतला मी एकटाच होतो. गाडी सुटायच्या बेतात ती बाई आणि आणखी पाच-सहाजणी धापा टाकत आल्या. तिनं वहिनींच्या हातात हुलग्याची पुरचुंडी दिली आणि सरांना म्हणाली, "तिकडं गोदावरी जवळ हाय म्हनं. पाण्याचं सुख लागंल. सुखात ऱ्हावा." सरांनी हात जोडले आणि कंडक्टरनं घंटी मारली.

धुरळा खाली बसल्यावर ती माझ्याकडं वळली. "तुमी यालाव का आता रविवारी? जोडाक्षरं राहिलीत आमची."

मी येतो म्हणालो. गेलोही, चार रविवार गेलो. पाचव्या रविवारी ऊन फार होतं.