दीड अंड्याचं माप

हे मी आजवर कुणाजवळ बोललेली नाही. यजमानांजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळही नाही. बोलायची सवयच नाही मला. घरात चार माणसं आली की मी ओट्याशी जाऊन उभी राहते. त्यामुळे सगळ्यांना वाटतं, ही गरीब आहे, हिच्या पोटात काही नसतं. तुम्हालाही तसंच वाटलं असतं.

आम्ही बेने इस्राएल — कोकणातून पुण्यात आलेले यहुदी. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ सुरू होतो, तेव्हा काळ्या मनुकांच्या सरबताचा पेला हातात धरून यजमान प्रार्थना म्हणतात. पेला चांदीचा, सासूबाईंच्या — आईंच्या — माहेरचा. त्यांचे वडील जन्मभर तोच धरत. सरबत गाळून त्यात ओतायचं काम आईंचं. मला हात लावू देत नसत. पाहुण्यांसमोर म्हणायच्या, "राहू दे गं, सांडशील. चौथीपर्यंत शाळेत काय मोजत होतीस — ढग?" सगळे हसायचे. मीही हसायचे. दुसरं काय करणार होते?

मूळ गोष्टीला हात घालवत नाही — पण घालते.

एका शनिवारी सिनेगॉगमध्ये कुणीतरी आईंना म्हणालं, पेल्यात निदान एक रेवीत मावायला हवं. रेवीत म्हणजे आमच्या लोकांचं फार जुनं माप, दीड अंड्याएवढं. "अंडं गावठी की पोल्ट्रीचं, ते विचारलंस का?" यजमान म्हणाले. आईंना हसू आलं नाही. रात्रभर झोपल्या नसाव्यात.

सकाळी त्यांनी मला खोकल्याच्या औषधाचं टोपण आणायला लावलं, दहा मिलिलिटरचं. मी पाणी ओतत गेले, त्या बोटांवर मोजत गेल्या. नऊ टोपणांत पेला भरला. नव्वद. मग त्यांच्या भाचीला, रीनाला, इस्राएलला फोन लावला. आईंना ऐकू कमी यायचं, म्हणून फोन माझ्या कानाला.

"वहिनी, रेवीत म्हणजे शहाऐंशी मिलिलिटर," रीना म्हणाली. "काही कडक लोक दीडशे धरतात, म्हणे पूर्वीची अंडी मोठी होती. पण शहाऐंशी पुरे. आत्याला सांग, आजोबांचा पेला अगदी बरोबर आहे."

आई माझ्या ओठांकडे बघत होत्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना माझ्याकडून काहीतरी हवं होतं.

मी त्यांच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "दीडशे लागतात, आई."

रागाच्या भरात बोलले म्हणू? राग तर रोजचाच होता. त्या क्षणी राग नव्हता — मजा वाटली.

त्यांनी बोटं पुन्हा मोजली. मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्या बापानं जन्मभर अपुरा पेला धरला?" मी टोपण धुवायला ओट्याशी गेले. न बोलणं मला चांगलं जमतं.

पेला कपाटात गेला, टेबलावर स्टीलचा ग्लास आला. सरबत ओतायला आई पुन्हा उठल्या नाहीत. "तूच ओत," म्हणायच्या, "मला मापातलं काय कळतं?" पाहुण्यांसमोरसुद्धा म्हणायच्या. आता कुणी हसत नसे. मी ओतायचे — आणि खरं सांगू? दर शुक्रवारी मला बरं वाटायचं.

शेवटच्या आजारपणात त्यांनी माझा हात धरला. "रीनाला परत एकदा विचारशील का गं? नीट ऐकलं होतंस ना तू?" मी फोन घेऊन गॅलरीत गेले. वारज्याच्या पुलावरच्या गाड्या बघत थोडा वेळ उभी राहिले. फोन लावलाच नाही. आत येऊन म्हणाले, "विचारलं, आई. दीडशेच म्हणाली." त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यानंतर त्या माझ्याशी बापाविषयी काही बोलल्या नाहीत, आणि त्या आठवड्यातच गेल्या.

महिनाभरानं मी पेला बाहेर काढला, चिंचेनं घासला. यजमान म्हणाले, "हा कमी पडतो ना?"

"चालतो," मी म्हटलं.

त्यांनी पुढे विचारलं नाही. माझ्यावर कोण शंका घेणार?

आता दर शुक्रवारी तो मीच भरते. काठोकाठ. पुरतो.