पाटावरचा कोयता

"गुरुजी, तो कोयता तेवढा खाली घ्या. फोटोत बरा दिसत नाही."

हे शब्द आमच्या शाळेच्या अध्यक्षांचे. खंडेनवमीची सकाळ. पाचवी ते आठवीची मुले ओळीने बसलेली. लांब पाटावर प्रत्येकाची पाटी, पाटीवर एकच्या आकड्यांनी रेखलेली सरस्वती आणि शेजारी ज्याच्या त्याच्या घरचे साधन. ही रीत मुख्याध्यापिकाबाईंची. सिरसाळ्याच्या बाजूची आमची शाळा. तिच्यात दुकानदाराचे मूल येते, शिंप्याचे येते, तांड्यावरचे येते, डॉक्टरांचेही येते. ज्या मुलाला आपले घर दाराबाहेर ठेवून यावे लागते ते वर्गात अर्धेच येते, असे बाईंचे म्हणणे. म्हणून पाटावर तराजू होता, कातर होती, स्टेथोस्कोप होता. आणि सातवीतल्या एका मुलीने आणलेला, तिच्या आईचा, हळदीकुंकू वाहिलेला ऊसतोडीचा कोयता होता.

तराजूविषयी कोणी काही बोलले नाही.

मी निवृत्त माणूस. संस्कृत शिकवायला आणि पूजेला शाळेत जातो. मी क्षणभर थबकलो. तेव्हा अध्यक्ष पूजेला बोलावलेल्या पाहुण्यांकडे वळून हसत म्हणाले, "आमच्या गुरुजींचं संस्कृत ऐका एकदा. मेंढक्याचं पोर आहे असं कुणी म्हणंल का?"

पाहुणे हसले. मीही हसलो.

अपमान मला कळला नाही असे नव्हे. स्तुतीच्या ताटात वाढला होता म्हणून मी तो गिळला. आणि वाकून, ह्याच हातांनी, कोयता उचलून भिंतीशी ठेवला.

मुलगी एवढेच म्हणाली, "गुरुजी, आईनं पाया पडून दिलाय तो."

मी पूजा पुढे चालवली. एक अक्षर चुकले नाही. त्याचीच आज सर्वांत अधिक लाज वाटते.

लहानपणी केजला एका शास्त्र्यांच्या घरी मी शिकायला राहिलो. पहिल्या खंडेनवमीला त्यांच्या पोथ्यांशेजारी मी वडिलांची काठी ठेवली. आमच्याकडे त्या दिवशी काठीचीच पूजा होई. मला वाटले, पूजा म्हणजे पूजा. शास्त्र्यांच्या थोरल्या मुलाने काठी पायाने सरकवली. म्हणाला, "पोथ्यांना मेंढरांचा वास लागेल. बाहेर ठेव. नाहीतर काठीबरोबर तूही बाहेर."

मी ठेवली. संध्याकाळी वडील मला दसऱ्यासाठी घरी न्यायला आले. लिंबाला टेकलेली काठी त्यांनी पाहिली, उचलली, कपाळाला लावली.

ती काठी मी पुन्हा कधीच आत नेली नाही. तिच्या बदल्यात मला विद्या मिळाली. त्या विद्येला मी गुरुकृपा म्हणत आलो.

कोयता आणणाऱ्या त्या मुलीसाठी बाईंनी पावसाळाभर तिच्या आईची मनधरणी केली होती. दरवर्षी मुलगी ऊसतोडीच्या टोळीबरोबर साखर कारखान्यावर जाई आणि परते तेव्हा वर्ग तिला सोडून पुढे गेलेला असे. मग ती मागच्या बाकावर मुकी बसे. यंदा आईने कबूल केले होते. पोर आजीपाशी राहील, शाळेच्या हंगामी वसतिगृहात जेवेल, शिकेल.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही. बाई आणि मी वस्तीवर गेलो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, बोचकी, सरपण भरलेले. बोचक्यांवर ती बसली होती. आमच्याकडे बघितले नाही.

बाईंनी कबुलीची आठवण दिली. आई दोरी आवळत होती. थांबली.

"तुमचं काय न्हाई मॅडम. तुमी लई केलं. पर जिथं आमचा कोयता बसंना, तिथं आमची पोर कशी बसंल?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "त्या सायबानं उचलला असता, तर इतकं लागलं नसतं. तुमी तर आमच्यासारकेच म्हनं. तुमी उचलला, गुरुजी."

ट्रॉली हलली.

देवीच्या हातांतील आयुधे मी बालपणापासून स्तोत्रांतून गात आलो. खड्ग, परशू, त्रिशूळ. त्याच देवीच्या नवरात्रात मी एका आईचे आयुध पाटावरून उचलले. ह्याला कोणत्या शास्त्रात प्रायश्चित्त असेल ते मी शोधले नाही. शोधणे म्हणजे सुटका मागणे झाले असते.

दिवाळीच्या सुट्टीआधी अध्यक्षांनी शाळेत मुलांसमोर माझा सत्कार ठेवला. शाल उघडली. मी हात आडवा केला.

"ही मला नको. मी मेंढक्याचं पोर आहे. कुणी म्हणो वा न म्हणो. आणि कोयता तुमच्या शब्दावर पण माझ्या हाताने उचलला गेला, हे ह्या मुलांसमोर सांगतो."

अध्यक्ष हळू आवाजात म्हणाले, "गुरुजी, वय झालं तुमचं. बसा."

मी बसलो नाही.

बाईंनी कारखान्याजवळच्या शाळेत मुलीचे नाव घातले आहे. संध्याकाळी फोनवर तिला गणित सांगतात. परवा त्यांनी फोन माझ्याकडे दिला. पलीकडे कोयत्यांचा आवाज येत होता. ती बोलली नाही. तिने बोलावे असे मी म्हणणार नाही.

वडिलांची काठी माळ्यावर होती. ती उतरवली आहे. येत्या खंडेनवमीला पाटावर पहिली ती ठेवीन आणि तिच्या शेजारची जागा कोयत्यासाठी सोडीन. मुलगी येवो न येवो, त्या जागेवर दुसरे काही ठेवू देणार नाही. ज्यांना ते फोटोत नको असेल त्यांनी आधी मला पाटापासून उचलावे. माझे हात आता कशालाही बाहेर ठेवणार नाहीत.