गच्चीवरच्या कुरडया

हे मी कित्येक वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगते — पण आधी जरा हवापाण्याचं बोलू द्या, म्हणजे धीर येईल.

आमच्या पनवेलला उन्हाळा म्हणजे नुसती चिकचिक. बरणीतलं मीठ ओलं होतं, टॉवेल वाळता वाळत नाही. माझी सून अश्विनी अकोल्याची. तिकडचं ऊन कोरडं, खणखणीत. एकाच राज्यातली दोन गावं, पण हवेत केवढा फरक! लग्नानंतर तिचं सारखं चालायचं — "आमच्याकडे अकोल्याला..." तिकडे रात्री गच्चीवर झोपतात, तिकडे कूलर लावला की थंडी वाजते. मी हसून ऐकायचे. खरं सांगू? मला राग यायचा. दर उन्हाळ्यात तिची आई कुरडयांचा डबा पाठवायची. कुरडई तळली की माझ्या मुलाला दुसरं काही दिसायचं नाही. माझ्या हातचं कालवण तसंच राहायचं. कुरडईचा मत्सर करणारी बाई पाहिलीय तुम्ही? ती मी.

मग एका हिवाळ्यात अश्विनीची आई गेली. डबा यायचा थांबला.

पुढच्या उन्हाळ्यात, मे सरता सरता, अश्विनीने स्वतः कुरडया करायचं ठरवलं. गहू भिजवले, चीक काढला, शिजवला. गच्चीत घडीच्या खाटेवर प्लॅस्टिक अंथरून, आईने दिलेल्या सोऱ्याने एकेक कुरडई घातली. ऊन लागून तोंड लाल झालं होतं तिचं. संध्याकाळी वरून जुनी सुती साडी पसरून ती खाली आली. अकोल्याला रात्रभर तशाच ठेवतात म्हणाली.

आणि मला — मला माहीत होतं. इथे जन्म गेला माझा. दिवस कलला की खाडीकडून दमट वारा सुटतो. ओल्या कुरडया त्याआधी घरात आणून पंख्याखाली ठेवाव्या लागतात. मुळात हे काम होळीच्या सुमारास उरकायचं. एक वाक्य पुरलं असतं. मी काय केलं? चहा केला, दोघींसाठी. म्हणाले, दमलीस, बस जरा.

दुसऱ्या दिवशी ढग आले. कुरडया आंबल्या, काळी बुरशी धरली. पिशवीत भरता भरता अश्विनी म्हणाली, आईचा हात माझ्यात उतरलाच नाही. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला — आणि तेव्हाही गप्प राहिले. सोऱ्या माळ्यावर गेला. अकोल्याचं नावही हळूहळू तिच्या तोंडून येईनासं झालं. मला हेच हवं होतं ना? मग घर एवढं सुनं का वाटायचं?

यंदा फाल्गुनात नात मागे लागली, तिला कुरडई करताना बघायची होती. अश्विनी नको म्हणाली. मी स्टुलावर चढून सोऱ्या काढला, गहू मीच भिजवले. शेवटी तीही आली. गच्चीत खाट भरली. ऊन उतरू लागलं तशी मी म्हणाले, "चल, खाली नेऊ या. इथली हवा रात्री ओली असते."

ती माझ्याकडे बघत राहिली. "आई, तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

"हो. माहीत होतं. मी मुद्दाम बोलले नाही. तुझ्या हातात काहीच उणं नव्हतं."

डोळे भरले होते तिचे. मग वाकून तिने खाटेची एक बाजू उचलली. दुसरी मी धरली.

जिन्यात नात मध्ये मध्ये येत होती, प्रश्न विचारत होती. अश्विनी पुढे होती, तिचा चेहरा मला दिसत नव्हता. आवाज तेवढा आला.

"आमच्याकडे अकोल्याला ना," ती लेकीला सांगत होती, "कुरडया रात्रभर गच्चीवरच असतात."