रिकाम्या जहाजाची उंची

माझी धाकटी जाऊ जहाजं भाड्याने घेणाऱ्या कंपनीत बावीस वर्षं आहे. तरी नातेवाईक अजून विचारतात, "बोटीवर असते का हो ती?" बोटीवर नसते! टेबलाशी बसून बोटींचे कागद वाचते आणि कुठला माल कुठल्या बोटीने न्यावा ते सांगते. ऑफिसात तिला 'शंकेखोर' म्हणतात. तोंडावर.

गेल्या वर्षी चुनखडी न्यायला एक कोरं करकरीत जहाज मिळत होतं. इंधन कमी लागणारं, भाडं वाजवी. साहेब हुरळून गेले. हिने विचारलं, "रिकामं असताना पाण्यावर किती उंच राहतं?"

"बाई, माल भरायचाय. झेंडा नाही लावायचा."

पण धक्क्यावरचं, पट्ट्याने माल ओतणारं यंत्र जुनं. त्याचा हात ठरावीक उंचीच्या वर जातच नाही. आकडे मांडले, तर जहाज त्या हाताखाली मावत नव्हतं. दीड मीटर जास्त!

साहेबांचा चेहरा पडला. "मग सोडा. नेहमीचं जुनं जहाजच घ्या."

"सोडायचं कशाला? मी नाही कुठे म्हटलं?"

हिने नकाशे वाचले होते. मालाच्या पाच कप्प्यांपैकी तिसरा समुद्राचं पाणी भरता येईल इतका मजबूत बांधलेला. तो भरला की जहाज मीटरभर खाली बसणार. उरलेलं काम ओहोटी करणार.

"आणि भरती आली की?"

"पाणी चढेल त्याहून भराभर बाकीच्या कप्प्यांत चुनखडी ओतायची, म्हणजे वजनाने जहाज खाली दबत जाईल. तिसऱ्यातलं पाणी शेवटी उपसायचं."

"यंत्राचा हात आदळला तर तुमची नोकरी गेली. द्याल लिहून?"

दिलं लिहून. घरी दीर कपाळाला हात लावून बसले. मी म्हटलं, "भाऊजी, तुम्ही चहा घ्या आणि गप्प बसा. तिने मोजलंय."

त्या सकाळी मीही धक्क्यावर गेले. ओहोटी पूर्ण लागली होती. कप्तानाने तिसरा कप्पा काठोकाठ भरून आणला होता. यंत्राचा हात जहाजावरून सरकला. मधे फट चाळीस सेंटिमीटर. कुणी टाळी वाजवली, तर ही खेकसली, "थांबा! पाणी आता चढेल."

चढलंच. यंत्र कुरकुरत होतं, चुनखडी रडतखडत पडत होती. फट तीस झाली. मग वीस. साहेब म्हणाले, "हात बाजूला घ्या!"

"अजिबात नाही," ही यंत्रवाल्याला म्हणाली, "पट्टा पूर्ण वेगाने सोडा, दादा."

त्याने सोडला. धबधबा कोसळावा तशी चुनखडी कोसळायला लागली. फट वीसवर अडली. मग पंचवीस. चाळीस. दुपारी तिथून माणूस ताठ चालत जाईल एवढी जागा! यंत्रवाल्याने भोंगा वाजवला, वरून खलाशी ओरडायला लागले, आणि मी, या वयात, शिट्टी मारली.

संध्याकाळी तिसऱ्या कप्प्यातलं पाणी समुद्रात पडत असताना साहेब आले. "बाई, आणखी दोन जहाजांचे कागद आलेत. तुम्ही पाहून सांगाल तसं."

"पाहते. आधी खुर्ची आणा. सकाळपासून उभी आहे मी."

साहेब स्वतः जाऊन खुर्ची घेऊन आले.