लेकीची सव्वा मूठ

त्या वर्षी माझं आणि देवाचं बोलणं बंद होतं. दिवा लावत होते, कारण सासूबाई बघत होत्या. हात जोडत होते, पण मागत काही नव्हते. पंचाऐंशी साल असेल. चैत्रात काविळीनं माझे यजमान गेले. आम्ही दोंडाईच्याला राहायचो; जवळच्याच एका खेड्यात ते प्राथमिक शिक्षक होते, रोज सायकलनं जायचे-यायचे. धुळ्याच्या दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसून मी कानबाईला सांगितलं होतं, एवढा माणूस राख, पुन्हा तुझ्याकडे काही मागणार नाही. तिनं ऐकलं नाही. मग मीही ठरवलं की आता तुझं तू बघ, माझं मी बघते. रागच होता तो. त्याला दुसरं नाव देऊन काय उपयोग?

आमच्या घरी देवघराच्या शेजारी भिंतीवर एक चौकट होती. तीत राज्यघटनेचा सरनामा छापलेला होता. यजमानांनी तो बाजारातून काच लावून आणला होता. सव्वीस जानेवारीला आणि पंधरा ऑगस्टला शाळेतलं झेंडावंदन करून घरी आले की ते देवाला फूल वाहायचे, एक फूल त्या चौकटीवर ठेवायचे आणि आमच्या एकुलत्या एका लेकीला, शैलाला, सरनामा मोठ्यानं वाचायला लावायचे. सासूबाईंना सगळे अक्का म्हणत. त्यांना अक्षर येत नव्हतं. त्या एकदा म्हणाल्या, "हाई कोनी पोथी शे?" यजमान म्हणाले, "अक्का, ही सगळ्या देशाची पोथी." तेव्हापासून अक्का त्या काचेच्या कोपऱ्याला न चुकता हळदकुंकू लावत. पोथी म्हटल्यावर त्यांचा प्रश्नच मिटला होता.

कानबाई आमच्या खानदेशाचं दैवत. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाच्या रूपात तिला बसवायचं, सोमवारी नदीवर नेऊन बोळवायचं. तिच्या नैवेद्याचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, ज्या गव्हाच्या करतात, तो गहू आधी मोजून घेतात. आमच्या घराण्याची रीत अशी की घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू सुपात टाकायचा. बायकांच्या आणि मुलींच्या नावाची मूठ नसते. त्या पुरुषांच्या मुठीतलंच खातात. मोजलेला गहू परत कणगीत जात नाही. रोट भाऊबंदांबाहेर कुणाला द्यायचे नाहीत, खाल्ल्यावर हात धुतलेलं पाणीसुद्धा बाहेर सांडायचं नाही, अंगणात खड्डा करून त्यात जिरवायचं. इतकं ते कडक.

आदल्या वर्षी मोजणी चालू असताना शैलानं बापाला विचारलं होतं, "बाबा, माझी मूठ कुठे आहे?"  यजमानांनी भिंतीवरच्या चौकटीकडे बोट केलं. म्हणाले, "तिथं सुरुवातीलाच 'आम्ही' लिहिलंय ना, त्यात तुझी मूठ आहे. इथली मी पुढच्या वर्षी अक्काकडे मागेन." पोर तेवढ्यावर खूश झाली. वर्षभर धरून बसली होती तो शब्द. आणि पुढचं वर्ष यायच्या आत शब्द देणारा माणूसच गेला.

त्या पंधरा ऑगस्टला मी शैलाला म्हटलं, वाच बाई, बाबांचा नेम मोडू नको. ती म्हणाली, "कशाला? बाबा नुसतं समजूत घालायला बोलले होते. तिथलीही मूठ खोटी आणि इथलीही." तेरा वर्षांची पोर. तिनं चौकटीवर फूल ठेवलं नाही आणि देवापुढे हातही जोडले नाहीत. मला हबकाच बसला. माझी श्रद्धा गेली तर गेली, माझं अर्धं आयुष्य झालं होतं. पण तिच्या बापानं तिच्या हाती द्यायच्या म्हणून दोनच गोष्टी जपल्या होत्या, आणि दोन्ही तिच्या मनातून एकदम उतरल्या होत्या. मी तिला काय सांगणार? माझंच देवाशी भांडण.

त्यातच आबांचा निरोप आला. आबा म्हणजे माझे थोरले चुलत दीर, भाऊबंदांत वडीलधारे. माणूस वाईट नव्हता, रीतीला धरून चालणारा. त्यांचं म्हणणं, या घरात आता पुरुषाची मूठ राहिली नाही, तेव्हा यंदा इथं कानबाई बसवू, पुढल्या वर्षापासून ती माझ्याकडे नेऊ. अक्का गहू निवडत राहिल्या.  मी मनात म्हटलं, ने बाबा, तसंही तिचं आणि माझं पटत नाही. पण त्या दिवशी माझ्या वाटची भाकरी मी गाईला घातली, हेही खरं.

मोजणी शुक्रवारी दुपारी होती. ओसरीत भाऊबंद बसले होते. मधोमध अक्का, पुढ्यात सूप, बाजूला निवडलेल्या गव्हाची पाटी. मोजायचा मान त्यांचाच. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, त्यामुळे आबा वयाच्या क्रमानं एकेक नाव सांगत आणि अक्का ते नाव पुटपुटत मूठ टाकत. मी विधवा, म्हणून दाराशी पाण्याच्या माठाजवळ उभी होते. यजमानांची जागा आली तेव्हा आबांनी ते नाव गाळलं आणि पुढचं घेतलं. पण अक्कांच्या तोंडून आलं ते त्यांच्या लेकाचंच नाव. त्या नावानं पाटीतली मूठ उचलली गेली, सुपात पडलीसुद्धा.

 गेलेल्या माणसाच्या नावाची मूठ कानबाईच्या रोटात! आणि ती वेगळी तरी काढायची कशी? सगळ्यांचा गहू एकात एक मिसळलेला. सूप ओतून द्यावं तर देवीच्या नावानं मोजलेलं धान्य, ते टाकता येत नाही. तसंच दळावं तर अशुभ. कुणी म्हणालं यंदा कानबाई बसवूच नका. कुणी म्हणालं म्हातारीला मोजायला द्यायलाच नको होतं. अक्का सुपावर हात ठेवून बसून राहिल्या. आबांनी हळूच विचारलं, "अक्का, आते हाई मूठ कोनी?" मूठ पडली खरी, पण आता तिचा धनी कोण?

तेवढ्यात दारात एक बाई आली. साठीची असेल, डोक्यावर गाठोडं, पायांवर धूळ. भुसावळकडची गाडी सुटली, पुढच्या गाडीला वेळ आहे, घोटभर पाणी दे म्हणाली. मी तांब्या दिला. पाणी पिता पिता तिनं आत पाहिलं आणि विचारलं, काय झालं? परक्या बाईला घरातलं सांगू नये, पण मी सांगून बसले. माझं मन भरून आलं होतं, कुणी विचारायचाच अवकाश होता. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग जरा मोठ्यानंच म्हणाली, "त्यामा काय शे, माय? बापनी मूठ शे, लेक खाई." बापाची मूठ लेकीनं खायची, एवढंच. जणू भाजीत मीठ किती घालायचं ते सांगत होती. तांब्या पालथा घातला, गाठोडं उचललं आणि गेली.

आत अक्कांनी मान वर केली. "पोर कोठे शे?" म्हणाल्या. शैला मागच्या खोलीत रुसून बसली होती. मी तिला हाताला धरून आणलं. अक्कांनी तिचा हात चाचपडत घेतला, सुपातल्या गव्हावर ठेवला आणि म्हणाल्या, "तुनं नाव ले." शैलानं माझ्याकडे पाहिलं. मग आपलं नाव घेतलं, आधी बारीक आवाजात, अक्कांनी "जोरबन" म्हटल्यावर मोठ्यानं. आबा सुपाकडे बघत राहिले. मला वाटलं आता हे उठतील आणि सगळं मोडेल. पण त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली आणि पुढचं नाव सांगितलं. मोजणी पुढे चालू झाली. पुढल्या वर्षी कानबाई न्यायची गोष्ट त्यांनी पुन्हा कधी काढली नाही.

मी माठाजवळच खाली बसले आणि रडले. यजमान गेल्यावरही इतकं रडले नव्हते. चार महिन्यांनी पहिल्यांदा कानबाईशी बोलले. फार काही नाही, एवढंच म्हटलं की तुला ऐकू येतं तर.

त्या बाईला रोट द्यायचे नाहीत हे माहीत होतं, पण निदान जेवून जा म्हणावं म्हणून मी मागाहून स्टेशनवर गेले. फलाटावर ती दिसली नाही. गाडी यायची होती अजून. कुठून आली, कुठे गेली, मला ठाऊक नाही. असेल कुणी वाटसरू. मी त्याचा खल करत नाही.

एकदा मात्र अक्कांना विचारलं, तुमच्याकडून ती मूठ चुकून पडली का हो? त्या वाती वळत होत्या. "मना हात चुकना नही," म्हणाल्या आणि पुढची वात घेतली.

रविवारी शैलानं आपल्या मुठीचा रोट खाल्ला. सोमवारी कानबाईला बोळवून आम्ही घरी आलो तेव्हा तिनं कुणी न सांगता चौकटीवर फूल ठेवलं आणि सरनामा वाचला. पंधरा ऑगस्ट उलटून गेला होता, तरी वाचला. 'आम्ही' या शब्दावर बोट ठेवून मगच ती पुढे गेली. अक्का हळदकुंकवाची कोयरी घेऊन वाचन संपायची वाट बघत होत्या.

आता अक्का नाहीत. त्या गेल्यावर आबांनी सूप माझ्यापुढे सरकवलं. विधवेनं मोजायची रीत नव्हती. ती त्यांनीच मोडली. शैला लग्न होऊन पाचोऱ्याला गेली, तरी कानबाईला येते आणि तिच्या नावाची मूठ पडते. आमच्या भाऊबंदांतल्या सगळ्याच मुलींची पडते आता. यंदा शैलाची लहानगी गव्हाच्या पाटीत हात घालून बसली होती. आजी, माझी कोणती, म्हणून विचारत होती. तिला आईसारखं वर्षभर थांबावं लागलं नाही.

मी कानबाईकडे जे मागितलं ते तिनं दिलं नाही. तो घाव आहे, तो राहील. पण तिनं जे दिलं, ते मागायचं मला कधी सुचलंही नसतं. म्हणून मी आता मागत नाही. सूप पुढे ओढते, डोळे मिटते आणि पहिलं नाव घेते.