तात्पुरते बसवलेले पाच कपॅसिटर

उमरग्यात हायवेच्या कडेला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. नवीन मशीन विकणारे गावात पुष्कळ झाले; जुन्या मदरबोर्डला हात लावणारा मी एकटाच उरलोय. माझ्याकडं येणाऱ्यांना जुन्याची हौस नसते. त्यांचं एखादं यंत्र त्या जुन्या कॉम्प्युटरशिवाय चालत नाही, म्हणून ते येतात.

जुन्या बोर्डावर बहुतेक वेळा बिघडतात ते कपॅसिटर. प्रोसेसरच्या आजूबाजूला उभे असलेले करंगळीच्या पेराएवढे डबे. प्रोसेसरला वीज हेलकावे न खाता पोचवायची, हे त्यांचं काम. वय झालं की त्यांची डोकी फुगतात, कधी तपकिरी रस बाहेर येतो. मग त्या जागी नवा बसवायचा. कुठला बसवायचा, यात खरी अक्कल लागते. कॅपॅसिटी किती, व्होल्टेज किती, उष्णता किती सोसतो, हे त्याच्या अंगावर छापलेलं असतं. चौथी गोष्ट छापलेली नसते, ती म्हणजे त्याचा आतला रोध. प्रोसेसरजवळ हा रोध अगदी कमी असलेलाच कपॅसिटर लागतो. साधा बसवला तर मशीन चालू होतं, सगळं ठीक दिसतं, आणि तो आतल्या आत तापत राहतो. लातूरला एका दुकानात चार वर्षं काम केलं तेव्हाच मी हे शिकलो होतो. माहीत नव्हतं असं मला म्हणता येत नाही.

आमच्या इथं एक लॅब आहे. ती चालवणारे गृहस्थ साठीच्या घरातले. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही. रक्तातल्या पेशी मोजणारं त्यांचं यंत्र जुनं, आणि त्याला जोडलेला कॉम्प्युटर त्याहून जुना. काही वर्षांपूर्वी श्रावणात तो बंद पडला. चाचा स्वतःच रिक्षात घालून घेऊन आले. झाकण काढलं तर पाच कपॅसिटर फुगलेले.

"लागतात तसले माझ्याकडं न्हाईत, चाचा. पुण्याहून मागवतो. आठवडा जाईल."

"आठवडा? बेटा, डेंगूचे दिवस हायेत. रोज वीस-पंचवीस पेशंट येतेत. त्यांना काय सांगू?"

मी ड्रॉवर उघडला. त्यात साधे कपॅसिटर होते. कॅपॅसिटी थोडी कमी, व्होल्टेज जास्त. भोकांत नीट बसत होते. व्होल्टेज जास्त आहे म्हणजे दमदार आहे, अशी मी माझीच समजूत घातली. खरं तर त्या जागी व्होल्टेजचा प्रश्नच नव्हता.

"हे तात्पुरते बसवतो," मी म्हणालो. "माल आला की मीच येऊन बदलून देतो."

त्या दिवशी मी केलं ते चुकलं, असं मला आजही वाटत नाही. लोक तापानं फणफणत होते आणि यंत्र चालू होणं गरजेचं होतं. चुकलं ते पुढं.

आठ दिवसांत पुण्याहून माल आला. अगदी हवे तसले, माझ्याच यादीप्रमाणं. मी पाकीट ड्रॉवरमध्ये ठेवलं. उद्या जाऊ म्हटलं. उद्या एका शाळेचा प्रिंटर आला, परवा कुणाचा तरी लॅपटॉप. एकदा बसस्टँडवर चाचा भेटले. "कसं चाललंय मशीन?" मी विचारलं. "झकास! हात लावायची गरज न्हाय," ते म्हणाले. दोघंही खूश होऊन आपापल्या वाटेनं गेलो. गणपती झाले, दसरा झाला. पाकिटाची पिनही मी काढली नव्हती.

दसऱ्यानंतरच्या रविवारी दुपारी जेवत होतो, तेव्हा चाचांचा फोन आला. "मशीन चालू होतंय आन् बंद पडतंय. तू ये. लगेच ये." काय झालंय ते मला जेवणाच्या ताटावरच कळलं. हात धुतले, दुकान उघडून ते पाकीट आणि सोल्डरिंगचं सामान घेतलं आणि गेलो.

लॅबच्या बाहेरच्या बाकावर एक माणूस बसला होता. पंचावन्न-साठ वय, भुवयांवर आणि कानांच्या पाळ्यांवर पांढरं पीठ. कर्नाटकच्या सीमेजवळच्या एका खेड्यात त्याची पिठाची गिरणी होती आणि गिरणीतनंच तो तसाच उठून आला होता. त्याची मुलगी दसऱ्याला माहेरी आलेली, पाच दिवस ताप. समोरच्या दवाखान्यात तिला सलाईन लावलं होतं. डॉक्टरांना प्लेटलेटचा आकडा हवा होता. इथं ठेवायचं की सोलापूरला न्यायचं, ते त्यावर ठरणार होतं. रविवार असल्यानं गावातल्या बाकी लॅब बंद. फोन लावून झाले होते.

आत चाचा मायक्रोस्कोपवर वाकले होते. काचेच्या पट्टीवर आखलेल्या बारीक चौकोनांतल्या पेशी ते हातानं मोजत होते. यंत्र आल्यापासून ही वेळ त्यांच्यावर आली नव्हती. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. एक डोळा मिटायचा, दुसऱ्यानं बघायचं, पुटपुटत मोजायचं. मध्येच थांबून म्हणाले, "न्हाय, चुकलं." पुन्हा पहिल्यापासून. एका आकड्यावर एवढा मोठा निर्णय सोडायची त्यांची तयारी नव्हती. दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा मोजायला घेतलं.

मी कोपऱ्यात बोर्ड काढला. मी बसवलेल्या पाचांतले तीन फुगले होते आणि एक बुडातून गळला होता. मी एकेक काढायला लागलो. जुन्या बोर्डात हे काम घाई करू देत नाही. अर्थिंगची पिन उष्णता ओढून घेते, भोकातलं शिसं लवकर वितळत नाही, आणि जोर केला तर बोर्डातली तांब्याची रेषा तुटते. दारातून गिरणीवाले दोनदा डोकावले. तिसऱ्यांदा मला विचारलं, "सर, अजून किती वेळ?"

"होतंय, होतंय," मी म्हणालो. मला सर म्हणत होते.

आधी चाचांचं मोजून झालं. तेवीस हजारांच्या आसपास. ते स्वतः कागद घेऊन समोर धावले. वीस मिनिटांत गाडी आली आणि मुलीला घेऊन सोलापूरच्या रस्त्याला लागली. मी तिला तेवढ्यात पाहिलं. चादरीत गुंडाळलेली, डोळे उघडे, आईच्या हाताला धरून. गाडी गेल्यावर थोड्या वेळानं माझं काम संपलं. यंत्र सुरू झालं. चाचांनी उरलेलं रक्त त्यात लावलं. एकवीस हजार. पाच मिनिटांत आला आकडा. रक्त घेतल्यापासून हातानं मोजलेला आकडा मिळेपर्यंत मात्र दोन तास गेले होते.

बुधवारी चाचांचा फोन आला. मुलगी गेली.

मी समोरच्या डॉक्टरांकडं गेलो. सगळं सांगितलं आणि विचारलं, त्या दोन तासांमुळं झालं का? त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "फरक पडला असता असं मी म्हणणार नाही," ते म्हणाले. "पडला नसता, असंही म्हणणार नाही. खोटं बोलून तुम्हाला बरं वाटणार असेल तर तसं सांगा." मी उठलो.

त्यानंतर दिवसाआड मी लॅबमध्ये जाऊन बसायला लागलो. बोर्डाला हात लावून बघायचो, गरम आहे का. काही कारण नव्हतं. असाच बसलो असताना एका सकाळी गिरणीवाले आले. कुठल्याशा कागदासाठी रिपोर्टची प्रत हवी होती. या वेळी धुतलेला सदरा, टोपी, चेहऱ्यावर पिठाचा कण नाही. मला ओळखून त्यांनी हात जोडले. "त्या दिवशी तुमी लई घाई केली आमच्यासाठी," ते म्हणाले.

मला ते सहन झालं नाही. मी बोलायला लागलो. आधी जे पार्ट बसवले ते कच्चे होते, मला माहीत होतं. चांगले येऊन दोन महिने माझ्या दुकानात पडले होते. मी आलो असतो तर यंत्र त्या दिवशी बंद पडलं नसतं. चाचा मध्ये काहीतरी म्हणायला गेले, मी त्यांना थांबवलं.

गिरणीवाल्यांनी सगळं ऐकलं. मग त्यांनी विचारलं, "किती वेळ लागतो, ते बदलायला?"

"एक तास. दीड तास."

ते माझ्याकडं बघत होते. राग नव्हता त्या बघण्यात. त्यांना खरोखर समजून घ्यायचं होतं.

"मग बदलायचं की हो," ते म्हणाले.

एवढंच. रिपोर्ट घडी करून खिशात ठेवला आणि पायऱ्या उतरून गेले.

चाचा म्हणाले, "कशाला सांगितलंस? त्यांच्या डोक्याला आणखी एक ताप." मग म्हणाले, "आन् म्या तरी कुठं फोन केला? चालतंय म्हणून गप बसलो." बाहेर तपासणीसाठी रक्त द्यायला आलेली माणसं बाकावर होती, त्यांना आत बोलवायचं चाचांना सुचलं नाही.

त्या आठवड्यात मी दुकान दोन दिवस बंद ठेवलं. तात्पुरतं बसवून दिलेली मशीन आठवायचा प्रयत्न केला. वहीत नोंद नव्हती, डोक्यातनं काढावी लागली. सात आठवली. मुरूमच्या झेरॉक्सवाल्याकडं गेलो, लोहारा तालुक्यातल्या एका शाळेत गेलो, लाकडाच्या वखारीत गेलो. शाळेतले गुरुजी म्हणाले, "चांगलं चाललंय की, उघडता कशाला?" मी म्हणालो, तास दीड तास द्या मला, नंतर सांगतो. सांगितलं नाही. वखारीवाल्यानं हात लावू दिला नाही. मी काहीतरी बिघडवून पुन्हा काम काढायला आलोय, असं त्याला वाटलं. त्याच्या जागी मला काय वाटलं असतं, सांगता येत नाही.

सातवा नळदुर्गचा, लग्नाचे फोटो काढणारा. त्याचं मशीन उन्हाळ्यातच बंद पडलं होतं आणि त्यानं ते भंगारात दिलं होतं, हार्ड डिस्कसकट. कितीतरी घरांचे फोटो त्यात होते. माझ्यामुळं बंद पडलं असावं, असं मी त्याला सांगितलं. तो हसला. "जुनंच होतं ओ ते. जायचंच होतं." बायकोला हाक मारून त्यानं चहा सांगितला. मी नको म्हणत होतो, त्यानं ऐकलं नाही. चहा पीत तो नव्या कॅमेऱ्याबद्दल बोलत होता आणि मी मान हलवत होतो.

आता कुणी बोर्ड घेऊन आला आणि हवा तसा कपॅसिटर माझ्याकडं नसला, तर मी आठवडा थांबा म्हणतो. निम्मे लोक बोर्ड उचलून दुसरीकडं जातात. तिथं त्यांना काहीतरी बसवून मिळतं, मशीन चालू होतं. मी त्यांना दारापर्यंत सोडायला जातो आणि कुठलं मशीन आहे, कशाला लागतं, ते विचारून वहीत लिहून ठेवतो. काहींना ते विचित्र वाटतं.